दोनशे तेरावं बटण

राउटर दोन होते. खालचा पांढरा, स्वयंपाकघराच्या दारावरच्या फळीवर. वरचा काळा, मामांच्या नव्या खोलीतल्या कपाटावर. दोघांना जोडणारी करडी वायर एक. ती जिन्याच्या खिडकीतून वर गेली होती. डब्याएवढा लहान संगणक एक, मिक्सरच्या शेजारी. त्याला लावलेला स्पीकर एक. टॅबलेट एक. लॅपटॉप एक, माझा. फोन दोन, एक माझा आणि एक मामीचा. वाक्यं दोनशे बारा. बटणं दोनशे तेरा.

मी ओट्यापाशी उभी राहून हे सगळं पुन्हा मोजत होते आणि मामी ओटा पुसत होती, म्हणजे पुसलेला ओटा पुन्हा पुसत होती.

"किती वेळा मोजशील?" ती म्हणाली. "वाढणार आहेत का?"

"तू किती वेळा पुसशील?"

"मी पुसलं की काहीतरी कमी तरी होतं."

मामांना पुण्याच्या हॉस्पिटलमधून आणायला जब्बारभाई सकाळीच व्हॅन घेऊन गेले होते. जब्बारभाईंचं फलटणला आमच्या चौकात इलेक्ट्रिकचं दुकान. शाळेत ते मामांचे विद्यार्थी होते, आणि अजूनही मामांसमोर खुर्चीवर टेकून बसत नसत. वरच्या खोलीपर्यंतची वायर त्यांनीच टाकली होती. मामांनी कागदावर आकृती काढून दिली होती, हा राउटर इथे, तो तिथे, आणि वायर वरच्या राउटरच्या निळ्या भोकात. जब्बारभाईंनी आकृतीत होतं तसंच केलं.

मामांच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. माझी एम.एस्सी.ची परीक्षा जवळ आली होती, पण मी पुस्तकं घेऊन फलटणला गेले, कारण मामांनी फोनवर इतकंच विचारलं होतं, "ऋजू, आवाज साठवून ठेवता येतो का? म्हणजे वापरता येईल असा?"

येतो, मी म्हणाले होते. मग मामा वाक्यं काढत बसले. तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, त्यांनी आधी वर्गवारी केली: मागण्या, प्रश्न, उत्तरं, तक्रारी, इतर. "पाणी दे." "पंखा एकवर ठेव." "कोण आलंय?" "ते तसं नसतं, ऐक." तक्रारींत "भाजीत मीठ जास्त झालंय" होतं आणि "भाजीत मीठ कमी आहे" होतं. भाजी चांगली झाली आहे, असं वाक्य कुठेच नव्हतं. मी ते दाखवून दिलं तर मामीच म्हणाली, "ते कधी बोललेच नाहीत, तर आता नवीन कशाला?"

सगळी वाक्यं त्यांच्या आवाजात त्या लहान संगणकावर ठेवली आणि मी बटणांचं एक पान तयार केलं. टॅबलेटवर ते पान उघडायचं. बटण दाबलं की मामांचा आवाज. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर तो टॅबलेटमधून येई; खाली हाक मारायची असेल तर स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून. हा दुसरा भाग मामांना सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांना वरच्या खोलीत राहायचं होतं. श्वास गळ्याला केलेल्या भोकातून घ्यायचा, आणि खालच्या मजल्यावर रस्त्याची धूळ येई. मामी दिवसभर खाली. त्या भोकात कफ अडकला तर हाक मारता आली पाहिजे. खालच्या राउटरचं वायफाय स्लॅब ओलांडून वर पोचत नव्हतं. म्हणून वरचा राउटर.

संगणकाला नाव द्यावं लागतं. मी मामांना विचारलं तर म्हणाले, "ज्याचा आवाज त्याचं नाव. त्र्यंबक ठेव." आणि स्वयंपाकघराकडे बघून हसले. मला ते हसू तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला खोलीबाहेर काढलं आणि एक वाक्य एकट्याने रेकॉर्ड केलं. या बटणावर काय लिहू, असं मी विचारलं. काही लिहू नकोस, म्हणाले, वेळेवर कळेल. ते बटण पानाच्या तळाशी कोरंच राहिलं. मला ते ऐकता आलं असतं. मी ऐकलं नाही.

त्यानंतर मी पुण्याला परीक्षेला गेले, मामा हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि मामी त्यांच्यासोबत. घर बंद होतं. मामा घरी यायच्या आदल्या दिवशी मामी आणि मी पुढे आलो, वरची खोली धुवायला.

ओटा पुसून झाल्यावर मामीने फोन हातात घेतला. तिला अक्षरं टाइप करायचा कंटाळा. आकडे तेवढे बोटाने दाबायची. बाकी सगळं माइकचं चिन्ह दाबून, फोन तोंडासमोर धरून, एकेक शब्द तोडून बोलायची. माइक सुरू होताना टुण असा आवाज यायचा आणि त्या आवाजासरशी ती उगाच ताठ बसायची.

टुण.

"ताई. आज घरी येतायत. दुपारपर्यंत पोचतील. तू बोललेला अभिषेक करून घे. नाशिकजवळच्या ज्योतिर्लिंगाला." मग माझ्याकडे बघून, "बरोबर लिहिलंय का बघ गं त्याने."

बरोबर लिहिलं होतं.

व्हॅन दुपारी दीडला आली. मामा वजनाने बरेच उतरले होते. गळ्याभोवती पातळ पांढरा रुमाल होता आणि त्याच्याखालून श्वासाचा आवाज येत होता, बारीक, कागद सरकल्यासारखा. हातात लहान मुलांची पांढरी पाटी आणि दोरीला बांधलेलं पेन. मला बघून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग जिन्याला हात लावला आणि एकेक पायरी थांबत वर गेले. मामी मागे, जब्बारभाई तिच्या मागे, दोन्ही हात पुढे धरून, काही पडलंच तर झेलायला असावेत तसे.

जब्बारभाई चहा न घेताच निघाले. जाताना दारात मला म्हणाले, "वाटेत सरांना तीनदा विचारलं, काही पाहिजे का. पाटीवर एकदाच लिहिलं त्यांनी. घरी गेल्यावर बोलतो."

मी वर गेले. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि टॅबलेट त्यांच्या मांडीवर होता. त्यावर मामीने करून ठेवलेलं पानाचं चिन्ह होतं. त्यांनी ते दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं. मग पांढऱ्या पडद्यावर एक ओळ आली, की हे पान मिळत नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. तीच ओळ. मी टॅबलेट घेतला आणि वर नाव लिहिलं, त्र्यंबक, पुढे जे लिहावं लागतं ते लिहिलं. या नावाचा संगणक सापडत नाही, असं उत्तर आलं.

"पाच मिनिटं द्या, मामा," मी म्हणाले.

मी खाली पळाले. खाली माझ्या फोनवर नाव टाकलं तर पान लगेच उघडलं. "पाणी दे" दाबलं. स्पीकरमधून मामांचा आवाज आला, पूर्वीचा, भरदार. वर तो ऐकू गेला असणार. कारण मी पुन्हा वर पोचले तेव्हा मामांनी टॅबलेट उपडा करून खाटेच्या कडेला सरकवून ठेवला होता.

पाच मिनिटांत काही झालं नाही. अर्ध्या तासातही झालं नाही. मी वर-खाली करत होते. खाली नाव चालतं, वर चालत नाही. वरून इंटरनेट चालतं, बाकी सगळं चालतं, फक्त हे नाही. मधेच मामीने देवघरातली घंटा आणून मामांच्या उशाशी ठेवली, तोवर ही वाजवा म्हणाली. मामांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "मी शाळा नाही." मग पेनाला टोपण लावलं, पाटी घंटेशेजारी ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. तिने पेज आणली, ती त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितली. तिने विचारलं, दुखतंय का. मामांनी मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही.

मामी बाहेर आली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली. मी तिथेच होते, वायर शेवटपर्यंत धडधाकट आहे का ते बघत.

"तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "घरी गेल्यावर पहिले काही दिवस बघा. काही माणसं गप्प होतात ती होतातच. पाटी सोडतात. मग लोकांत येणं सोडतात. मी म्हटलं, आमच्याकडे तसं होणार नाही, आमच्याकडे भाचीने सगळं करून ठेवलंय."

 मी म्हणाले, की संगणक उचलून वर आणते, वरच्या राउटरला लावते, वर चालेल.

"आणि खाली?"

खाली मग आवाज येणार नव्हता.

"मग मला कोण हाक मारणार?" मामी म्हणाली. "ते वर घुसमटत असले आणि मी खाली कुकर लावून उभी असले तर?"

तिचं बरोबर होतं. आणि मला दुसरंच काहीतरी टोचत होतं. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवशी मामांनी चाचणी घेतली होती. तेव्हा मी पुण्यात होते, पण मामांनी मला फोन करून सगळं सांगितलं होतं. ते खाली संगणकापाशी उभे राहिले, टॅबलेट देऊन मामीला वर पाठवलं, आणि मामीने वरून सांगितलं, उघडलं. काळा राउटर तेव्हाही तिथेच होता. वायर तीच, निळ्या भोकात. मग त्या दिवशी जे चाललं ते आज का चालू नये? मधल्या काळात घराला कुलूप होतं. कुलूपबंद घरात काही आपोआप बदलत नाही. एक तर काहीतरी बदललं होतं, नाहीतर त्या दिवशी ते चाललंच नव्हतं.

"मामी, त्या दिवशी वर खरंच उघडलं होतं?"

"म्हणजे मी थाप मारली?"

"तसं नाही. तू नेमकं काय केलंस ते सांग. टॅबलेट हातात घेतलास तिथपासून."

तिने वर, मामांच्या दाराकडे पाहिलं. ते अर्धवट लोटलेलं होतं. मग ती एक पायरी खाली सरकली.

"नंबर टाकला."

"कुठला नंबर?"

"तू सांगितलेला. मी फोन केला नव्हता का तुला? त्या डब्याचा नंबर काय म्हणून?"

केला होता. परीक्षेच्या गडबडीत मी तो संगणकाचा पत्ता आकड्यांत सांगून टाकला होता, चार गट, शेवटचा आकडा दोन. तिला कशासाठी हवा होता ते विचारलंच नव्हतं. कोणाचा फोन नंबर मागावा इतक्या सहज तिने तो मागितला होता.

"पण नंबर कशाला? मामांनी तुला नाव टाकायला सांगितलं होतं ना?"

मामीने पदराने पायरीवरची नसलेली धूळ झटकली.

"नाव त्या माइकमध्ये बोलावं लागतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. लग्नात घेतलं, उखाण्यात, तेही सगळ्यांनी जिना अडवून धरला म्हणून. त्यानंतर नाही घेतलं. ते खाली कान देऊन उभे होते, ऋजू. मुद्दाम ठेवलंय त्यांनी ते नाव. मी एकदा बोलले असते तर जन्मभर पुरवून पुरवून ऐकवलं असतं मला."

मला हसू आलं आणि एकदम बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसल्या. नाशिकजवळचं ज्योतिर्लिंग. मामीच्या एका चुलत नणंदेच्या घरातला त्र्यंबक, ज्याला ती एकटीच बाळासाहेब म्हणायची. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ती महामृत्युंजयाचा जप करत होती, तेव्हा मी शेजारी होते. दर वेळी ती दुसऱ्या शब्दापासून मोठ्याने सुरू करायची आणि पहिल्या शब्दाला नुसते ओठ मिटायची. मला वाटलं होतं, श्वास घेत असेल.

"आणि ते अक्षरं दाबून लिहायचं ना. बोलायचं कशाला?"

"इंग्रजी अक्षरं शोधत कोण बसणार? आणि लिहिलं काय, बोललं काय. नंबर सोपा. उघडलं की नाही?"

उघडलं होतं. तिथेच उत्तर होतं. वरून नंबर चालत होता, नाव कधीच चाललं नव्हतं. मामांची समजूत होती की नावाची चाचणी झाली आहे. राहिला प्रश्न आज नंबरही का चालत नाही एवढाच, आणि तो मी विचारला तेव्हा तिने माझ्याकडे, हे काय विचारणं झालं, अशा नजरेने पाहिलं.

"घर बंद करताना मेन स्विच पाडूनच जातो आपण. काल आल्यावर तूच नाही का वर केलास?"

मीच केला होता. पांढरा राउटर पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याला जुनं काही आठवत नव्हतं. जो आधी दारात येईल त्याला पहिला नंबर, असं त्याचं असतं. मी पाहिलं. शेवटचा आकडा दोन आता माझ्या फोनकडे होता. म्हणजे मामा वरून तासभर माझ्या फोनला हाक मारत होते. संगणक सात नंबरवर गेला होता.

"मग सात टाक," मामी उठून उभी राहिली. "झालं की."

मी वर जाऊन स्वतःच्या फोनवर सात टाकून पाहिलं. पान उघडलं, दोनशे तेरा बटणं. मामा खिडकीकडेच पाहत होते, पण श्वासाचा आवाज किंचित बदलला, म्हणजे ऐकत होते. मी खाटेच्या कडेला बसले. कारण सापडलंय, म्हणाले. आणि दोन मार्ग आहेत. नंबर टाकला तर आत्ता चालेल, आणि तो नंबर कायमचा बांधूनही ठेवता येईल. नावाने चालवायचं तर वरचा राउटर खोलून बसावं लागेल, अर्धा तास जाईल.

मामी दारातून म्हणाली, अर्धा तास कशाला उगाच.

मामा वळले. त्यांनी पाटी घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, "नावाने."

मग ते पुसून लिहिलं, "वर का नाही?"

हा वर्गातला प्रश्न होता आणि मी वर्गात द्यावं तसं उत्तर दिलं. घरातल्या संगणकांची नावं कुठे नोंदलेली नसतात, मामा. टॅबलेट सगळ्या घराला एकदम विचारतो, त्र्यंबक कोण? बाकीचे गप्प बसतात. ज्याचं ते नाव तो स्वतः उत्तर देतो, मी, आणि माझा नंबर हा. पण ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही, तो ती दारातच थांबवतो. वायर निळ्या भोकात असल्यामुळे काळ्या राउटरने वर आपलं वेगळं बिऱ्हाड थाटलंय. नंबर लिहिलेलं पाकीट तो खाली पोचवतो. नुसती हाक पोचवत नाही. टॅबलेट इथे विचारतोय, त्र्यंबक कोण, आणि त्र्यंबक खाली मिक्सरशेजारी बसलाय. त्याला ऐकूच जात नाही.

मी एका दमात दोनदा नाव घेतलं तशी मामी दारातून जरा मागे सरली.

मामांनी पाटीवर दोन चौकोन काढले, मधे रेघ. पाहत राहिले. मग दोन्ही चौकोनांभोवती एकच मोठा गोल काढला आणि माझ्यासमोर पाटी धरली, भुवया वर करून.

"हो," मी म्हणाले. "तेच करायचंय."

वरच्या राउटरचा पासवर्ड विचारला तर त्यांनी टाळूवर बोट ठेवून हात हवेत उडवला, गेला तो. मग तो राउटर कोरा करण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मामीने अंबाड्यातला आकडा काढून दिला. राउटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात मी तो दाबून धरला, दिवे सगळे विझेपर्यंत. मामी खुर्ची धरून उभी होती आणि विचारत होती, मोडला का. नाही, विसरला. दिवे परत लागल्यावर त्याला जुनंच वायफायचं नाव दिलं, म्हणजे टॅबलेटला फरक कळू नये. नंबर वाटायचं काम बंद केलं. ते आता एकटा खालचा करणार होता. शेवटी करडी वायर निळ्या भोकातून उपसून शेजारच्या पिवळ्या भोकात खोचली.

"एवढंच?" मामी म्हणाली.

"एवढंच."

"मग निळं भोक ठेवतात कशाला?"

मामांचे खांदे हलले. त्यांचं हसणं आता असं होतं, आवाजाशिवाय, रुमालाखालून नुसता वारा. मामीने ते बघितलं आणि लगेच खाली मान घालून अंबाडा नीट करायला लागली.

मी खाली आले. पांढऱ्या राउटरमध्ये संगणकाचा नंबर बांधून टाकला, पुन्हा मेन स्विच पाडला तरी बदलू नये म्हणून. मग लॅपटॉप उघडला आणि लहान संगणकापर्यंत काय काय पोचतं ते दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला. कोणी नाव विचारलं की एक ओळ येणार, संगणकाने उत्तर दिलं की वेळेसकट दुसरा आकडा त्याच ओळीत. मला खात्री होती, पण खात्री म्हणजे मोजणी नव्हे. माझा फोन मी बंद करून ठेवला, म्हणजे ओळ आली तर ती वरच्या टॅबलेटचीच.

जिन्यापाशी जाऊन मी आवाज दिला. जुनं चिन्ह काढून टाका, त्यात नंबर आहे. आता नाव टाका.

मग परत लॅपटॉपसमोर बसले. स्क्रीन रिकामा होता.

बराच वेळ काही झालं नाही. वर मामीचा आवाज ऐकू आला, खालच्या पट्टीत. "तुम्हीच लिहा ना." थोडं थांबून, "हात चांगले धडधाकट आहेत तुमचे." पुन्हा थांबून, "असं काय ते. पेज गार होतेय." पाटीवर पेन चालल्याचा आवाज इथपर्यंत यायचा नाही, तेव्हा मामांनी काही लिहिलं की नाही मला माहीत नाही. खाट करकरली. मग जिन्याच्या वरचं दार लोटल्याचा आवाज आला आणि वरचं सगळं बंद झालं.

स्क्रीन रिकामाच होता. ओट्यावर पेजेचं पातेलं होतं, झाकण थोडं सरकलेलं. मी ते नीट झाकलं.

दाराआडून अगदी बारीक आवाज आला. टुण.

स्क्रीनवर एक ओळ उमटली.

आणि मिक्सरशेजारचा स्पीकर खरखरला. मामांचा आवाज आला, शस्त्रक्रियेच्या आधीचा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा, आणि त्यात दाबून धरलेलं हसू होतं. ते वाक्य माझ्या दोनशे बारांत नव्हतं.

"काय म्हणालीस, कुमुद? नीट ऐकू नाही आलं. पुन्हा म्हण बघू."

वर काही हललं नाही.  मग दाराआडून पुन्हा तोच आवाज आला.

टुण.

मी प्रोग्रॅम थांबवला आणि आकडे पाहिले. विचारणा दोन, उत्तरं दोन. पहिल्या उत्तराला सहा मिलिसेकंद लागले होते, दुसऱ्याला चार.